करबिलात एक ओळ कमी आहे

महापालिकेचं मालमत्ता कराचं बिल आलं. एरवी आपण शेवटचा आकडा बघतो आणि कागद फाईलला लावतो. या वेळी मी तो वरपासून खालपर्यंत वाचला. सर्वसाधारण कर, मलनिःसारण कर, शिक्षण उपकर, वृक्ष उपकर, पथकर. शहर बदललं की एखादी ओळ इकडची तिकडे होते, पण यादी साधारण हीच. झाडांसाठी पैसे देतो, रस्त्यासाठी देतो, सांडपाण्यासाठी देतो. द्यायलाच हवेत. वाचनालयासाठी मात्र कुणी एक पैसा मागत नाही. या आठवड्यात माझं म्हणणं एवढंच: मागा.

चेन्नईतला घरमालक हा पैसा भरतो. मद्रास प्रांतात १९४८ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला. त्यामागे ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांचा ध्यास होता, आणि त्या कायद्यातच मालमत्ता करावर ग्रंथालय उपकर होता. कर्नाटकने १९६५ च्या कायद्यात तो घेतला, केरळने १९८९ च्या. आपला, महाराष्ट्राचा कायदा १९६७ चा. मद्रासचा एकोणीस वर्षांचा अनुभव समोर होता, शेजारच्या कर्नाटकचा ताजा कायदा समोर होता, तरी आपण उपकराचं कलम घातलं नाही. सरकार दरवर्षी ग्रंथालय निधीत किमान २५ लाख रुपये टाकेल, एवढं लिहून ठेवलं आणि बाकीचं त्या त्या वर्षीच्या अर्थसंकल्पावर सोडून दिलं. तेव्हापासून गावोगावची वाचनालयं अनुदानाच्या हप्त्याकडे डोळे लावून बसली आहेत.

त्या अनुदानाचा हिशेब एकदा करूच. सरकारमान्य ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे चार वर्ग. खेड्यातलं छोटं वाचनालय ड वर्गात. ड वर्गाला वर्षाला ३० हजार रुपये मिळायचे. २०२२ साली ६० टक्के वाढ झाली आणि ते ४८ हजार झाले. नियमाप्रमाणे यातला निम्मा पैसा पगाराचा, म्हणजे २४ हजार. बाराने भागा. महिन्याला २ हजार. कुलूप उघडायचं, झाडलोट करायची, पेपर लावायचे, पुस्तकांची देवघेव करायची, दाखल नोंदवही ठेवायची, तपासणीला साहेब आले की सगळे कागद पुढे करायचे, आणि हे सगळं दिवसाला ६६ रुपयांत. शेतात रोजाने गेलं तर महिन्याचे हे २ हजार आठ-दहा दिवसांत हातात पडतात. उरलेल्या २४ हजारांत पुस्तकं, वर्तमानपत्रं, मासिकं, वीजबिल, बांधणी. सरकारने नेमलेल्या पत्की समितीने ग्रंथालय कर्मचाऱ्यांना वेतनश्रेणी द्या म्हणून सांगितलं, त्याला किती काळ लोटला! त्या वेळी नोकरीत असलेली कितीतरी माणसं निवृत्त झाली.

हे मी कागदावरून लिहीत नाही. माझं आजोळ सोलापूर जिल्ह्यात, डाळिंबाच्या पट्ट्यात. तिथलं वाचनालय म्हणजे दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत पेपरचं लांब टेबल, आतल्या खोलीत पाच लोखंडी कपाटं. ग्रंथपाल ताई गेली अकरा वर्षं ते सांभाळते. गेल्या दिवाळीनंतर गेलो तेव्हा ती जमिनीवर बसकण मारून नवे दिवाळी अंक शिवत होती. आधी अंकाच्या पिना काढायच्या. मग कण्याकडून बोटभर आत दाभणाने तीन भोकं पाडायची, मेणाचा हात फिरवलेला दोरा ओवायचा, गाठ मारायची, वरून खाकी कागदाचं कव्हर, कव्हरवर दाखल क्रमांक. मी विचारलं, पिना चांगल्या असतात की, कशाला एवढा खटाटोप? ती म्हणाली, "पिनांवरचा अंक चौथ्या माणसाच्या हातात सुटतो, दादा. असा शिवला की पुढच्या गणपतीपर्यंत जातो." त्या वर्षी अंक मोजून चौदा आले होते. एकेक अंक तीस-चाळीस घरांत फिरणार होता. दाभण तिचं स्वतःचं, दोराही तिचाच.

संध्याकाळी पाचनंतर पेपरवाली म्हातारी मंडळी उठली आणि त्याच टेबलाशी चार मुली येऊन बसल्या. पोलीस भरतीचा अभ्यास. घरी दोन खोल्या, त्यातल्या एकीत टीव्ही. वाचनालय मोबाईलने संपवलं असं शहरात ज्याला-त्याला वाटतं, म्हणून मी मुद्दाम विचारलं, "फोनवर नाही का करत अभ्यास?" एक म्हणाली, "फोन एकच आहे. तो भावाकडं असतो."

मला या वाक्याचं उत्तर हवंय, जो कुणी म्हणतो की आता ग्रंथालयांवर खर्च कशाला, त्याच्याकडून. पुस्तक फोनवर येतं हे खरं. खुर्ची येत नाही, उजेड येत नाही, कुणी हाक न मारणारे दोन तास येत नाहीत. पुण्यात हीच खुर्ची खाजगी अभ्यासिकेत महिन्याला हजार रुपयांच्या घरात जाते, आणि ती विकत घेण्यासाठी गावाकडून आलेली पोरं एक वेळचं जेवण तोडतात. गावातल्या मुलीला पुण्याला पाठवतंच कोण? तिच्यासाठी ताईचं टेबल आहे. वीजबिल थकलं तर तेही नाही.

आपल्याकडे ही परंपराच नव्हती असंही नाही. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ चं, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० चं, पुण्याचं १८४८ चं, कोल्हापूरचं करवीर नगर वाचन मंदिर १८५० चं. रेल्वे यायच्या आधी, १८२८ मध्ये, रत्नागिरीत वाचनालय होतं! वर्गण्या आणि देणग्यांवर या संस्था जगल्या. पण वर्गणीवर जिल्ह्याचं गाव तगतं, चारशे उंबऱ्यांचं गाव तगत नाही, आणि हे ओळखणारा माणूस आपल्याच मातीतला होता. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा गोपाळ, पुढे बडोद्याचे सयाजीराव महाराज. त्यांनी १९१० साली अमेरिकेतून विल्यम बोर्डन या ग्रंथपालाला बोलावून घेतलं आणि संस्थानभर ग्रंथालयांचं जाळं विणायला लावलं. मध्यवर्ती ग्रंथालय राजधानीत, आणि तिथून लाकडी पेट्यांत भरून फिरती ग्रंथालयं खेड्यांत. पैशाची रीत तर आजही जशीच्या तशी उचलावी अशी: गावाने काही रक्कम जमवायची, तेवढीच पंचायतीने घालायची, तेवढीच सरकारने. गावाची जबाबदारी राहते, गावाचा हक्कही राहतो. आपल्याकडे गावाने काय द्यायचं आणि पंचायतीने काय, हे कुणी विचारतच नाही.

आता उपकरावरचे आक्षेप. आणखी एक कर? हो. घराचा कर वर्षाला ४ हजार असेल तर केरळच्या ५ टक्क्यांच्या दराने २०० रुपये होतात. वर्षाचे. एका बऱ्या दिवाळी अंकाला आज याहून जास्त पडतात. दुसरा आक्षेप जास्त खरा आहे: ज्या राज्यांत उपकर आहे तिथे महापालिका तो गोळा करतात आणि ग्रंथालयांकडे वेळेवर पोचवत नाहीत, ही तिथली नेहमीची ओरड. म्हणून आपण कायदा करताना पैसा महापालिकेच्या गल्ल्यात पडूच द्यायचा नाही, वेगळ्या खात्यात थेट ग्रंथालय निधीकडे वळवायचा. आणि तो राज्यभर वाटायचा. ग्रामपंचायतीची घरपट्टी ती केवढी! त्यावर टक्के लावून गावाच्या वाट्याला एक कपाटही येणार नाही. पुण्या-मुंबईच्या फ्लॅटवरचा उपकर सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोल्याकडच्या वाचनालयात गेला पाहिजे. मी पुण्यात कर भरतो आणि हे लिहितोय.

राज्यात सरकारमान्य ग्रंथालयं अकरा-बारा हजार आणि ग्रामपंचायती सुमारे २८ हजार. 'गाव तिथे ग्रंथालय' ही घोषणा आपलीच आहे. नुसता ग्रामपंचायतींचा आकडा धरला तरी निम्म्याहून जास्त ठिकाणी ती पोचलेली नाही, आणि खेड्यात जिथे पोचली तिथे २०२२ च्या वाढीनंतरही महिना २ हजारांच्या पगारावर उभी राहिली.

निघताना ताईने देवघेवीच्या वहीचं पाठचं पान उलटून दाखवलं. वाचकांनी मागितलेल्या आणि वाचनालयात नसलेल्या पुस्तकांची यादी. प्रत्येकापुढे तारीख आणि मागणाऱ्याचा सभासद क्रमांक. पहिली नोंद दोन वर्षांपूर्वीची, इंग्रजी-मराठी शब्दकोश, मोठा. मग भरतीचे प्रश्नसंच, चार वेळा. एका आजींना ज्ञानेश्वरी हवी होती, मोठ्या टायपातली. सगळ्यात खालची नोंद त्याच सकाळची, शाई अजून ताजी होती: डाळिंबावरचा तेल्या, उपाय, सोप्या भाषेत असल्यास.