कटऑफचे काका

डिप्लोमाचा निकाल लागला की शिरूर-दौंडकडे घरोघरी कटऑफतज्ज्ञ काका उगवतात. ‘सीईटीला किती पडले?’ हा पहिला प्रश्न. थेट दुसऱ्या वर्षाच्या इंजिनिअरिंगला महाराष्ट्रात सीईटीच नाही, गुणवत्ता यादी डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाच्या टक्क्यांवर लागते, असं पोरानं सांगितलं की ‘फार शहाणा झालास’ हे ठरलेलं.

यादी सीईटी सेलच लावतो, त्यामुळे काकांचाही अगदीच दोष नाही म्हणा.

पात्रतेला खुल्या गटात 45 टक्के पुरतात. पुण्याच्या नामांकित कॉलेजात कॉम्प्युटरला नव्वदीवालेही ताटकळतात. कारण कटऑफ कुणी आधी ठरवत नाही. फेरीत ज्याला शेवटची जागा मिळाली, त्याचे टक्के म्हणजे कटऑफ. शाखेचा वेगळा, प्रवर्गाचा वेगळा, मुलींच्या जागांचा वेगळा, प्रत्येक फेरीचा वेगळा. काका मात्र गेल्या वर्षीचा एकच आकडा धरून बसतात. कालच्या गाडीची गर्दी आठवून दौंडच्या फलाटावर आज जागा सांगावी, तसं.

पोरांनो, अर्जात आवडीचं कॉलेज बिनधास्त वर टाका. वरचं हुकलं म्हणून खालच्यावरचा हक्क जात नाही. काकांना चहा द्या, पासवर्ड देऊ नका.