केळीचा तिसरा हिवाळा

ती. आई व ती. आप्पा यांना डर्बीहून सर्वांचा शिरसाष्टांग नमस्कार.

या पत्रात कुठेही ‘मी’ दिसणार नाही, त्याचा राग मानू नये. केळीच्या बाबतीत या घरात जे जे घडले त्याची जबाबदारी घ्यायला कोणीच तयार नाही. म्हणून ‘आपले चिरंजीव’, ‘आपली सूनबाई’ आणि ‘आपली नात’ अशा तिऱ्हाइताच्या भाषेतच सगळे कळवायचे, असे जेवणाच्या टेबलावर बहुमताने ठरले आहे.

सुरुवात झाली गणपतीत. नैवेद्याला केळीचे पान हवे आणि इथे मिळते ते बर्फात गोठवलेले, घडीवर मोडणारे. उरणला परसात हात लांबवला की पान! चिरंजीवांना ते सहन झाले नाही. त्यांनी एका रोपवाटिकेतून दीड फुटी बुटकी कॅव्हेंडिश कुंडीसकट घरी आणली. सूनबाईंनी तिला हळदकुंकू वाहिले.

थंडी आली आणि उरणची सवय नडली. आंघोळ आटोपली की चिरंजीव रोज तांब्याभर पाणी कुंडीत ओतत. मोरीच्या सांडपाण्यावर केळी माजलेल्या ज्याने लहानपणापासून पाहिल्या, त्याला केळीला पाणी जास्त होते हे सांगायचे कोणी? पारा दहाच्या खाली गेला की केळीची वाढ थांबते, मुळे पाणी ओढेनाशी होतात आणि गार, ओल्या मातीत कंद कुजतो. जानेवारीत एके सकाळी आधार द्यायला म्हणून धरलेले खोड सोपटासकट हातातच आले. चीक गालिच्यावर सांडला. केळीचा डाग जात नाही हे आई, तुम्ही आम्हाला शिकवलेत. घरमालकाला ते अजून कोणी शिकवलेले नाही.

दुसऱ्या वर्षीची केळ रेडिएटरशेजारी ठेवली. तेव्हाच नातीने फोनवर “आजी, केळीवर कोळी झालेत” असे सांगितले आणि तुम्हाला वाटले, करंज्याहून कोणी पाहुणे आले. ते लाल कोळी, आई. सुईच्या टोकाएवढे. बंद घरातली कोरडी, गरम हवा त्यांना मानवते. पानाच्या पाठीवर बारीक जाळी विणून ते रस शोषतात आणि पान आधी ठिपक्या-ठिपक्यांचे होते, मग पिवळे पडते. उपाय असा, की केळीला न्हाणीघरात नेऊन कोमट पाण्याच्या फवाऱ्याखाली धरायचे आणि पानांच्या पाठी ओल्या फडक्याने पुसायच्या. चिरंजीव हे काम इतक्या मायेने करीत, की नातीने विचारले, “लहान असताना मला कोण न्हाऊ घालायचं?” उत्तर सूनबाईंनी दिले. ते पत्रात लिहिण्यासारखे नाही.

मग ज्ञानप्राप्तीसाठी सगळी वरात चॅट्सवर्थला गेली. इथून तासाभराच्या आतच. डेव्हनशायरच्या सहाव्या ड्यूकचा, विल्यम कॅव्हेंडिशचा हा वाडा. त्याचा माळी जोसेफ पॅक्स्टन याने 1830च्या सुमारास एक बुटकी केळ मिळवली आणि काचघरात वाढवली. 1835च्या नोव्हेंबरात ती निसवली, आणि मालकाचे आडनाव केळीला कायमचे चिकटले. आज जगाच्या बाजारातली बहुतेक केळी याच कुळातली, खानदेशातली बसराईसुद्धा. पॅक्स्टनने पुढे तिथे भलेमोठे काचघर उभारले. ते उबदार ठेवायला कोळशाचे बंब रात्रंदिवस पेटते लागत. पहिल्या महायुद्धात कोळसा मिळेना, झाडे गारठून मेली आणि 1920मध्ये काचघरच पाडून टाकले. हे वाचताच सूनबाईंनी चिरंजीवांकडे अर्थपूर्ण पाहिले. आदल्याच आठवड्यात गॅसचे बिल आले होते.

आप्पा, तुमच्या न्हावा-शेव्याच्या बंदरातून आखातात जाणारी केळी 13-14 अंशांच्या कंटेनरात जातात. त्याहून गार झाले की साल काळवंडते. तेवढी ऊब इथे माणसांच्या खोलीत असेलच असे नाही. मात्र थंडी खानदेशालाही चुकलेली नाही. तिकडे डिसेंबर-जानेवारीत केळीला चरका बसतो, तेव्हा शेतकरी रात्री पाणी देतात आणि पहाटे बांधाबांधाला काडीकचरा पेटवून धूर करतात. डर्बीत धूर केला तर केळीआधी अग्निशामक दल निसवेल.

यंदा मात्र जमले. कुंडी काचेच्या पडवीत ठेवली, बारा अंशांच्या आसपास. बोट दोन पेरे खुपसून माती कोरडी लागली तरच पाणी, म्हणजे महिन्यातून जेमतेम दोनदा. आंघोळीनंतर तांब्या सूनबाई कुलपात ठेवतात.

अंगणात दुसरी केळही आहे, मुसा बाशू. मूळची चीनची, पण नाव जपानी. हायकूवाल्या बाशोने आपले नाव झोपडीपुढच्या याच केळीवरून घेतले. हिची फळे बियांनी भरलेली, खाण्याजोगी नाहीत, पण पाने ऐसपैस आणि कंद बर्फालाही दाद देत नाही. नोव्हेंबरात पाने छाटली, खोडाभोवती जाळी उभी करून आत गवताचा पेंढा ठासला, वर पांढरे कापड गुंडाळले. बाळंतिणीला कानटोपी घालावी तशी डोक्यावर प्लास्टिकची बादली. धुक्यात ती थेट हडळ दिसते. शेजारच्या बाईंनी “तुमच्या धर्मात हिचं काय महत्त्व?” असे फार आदराने विचारले. चिरंजीवांनी वीस मिनिटे उत्तर दिले.

परवा पेंढा काढला. वरचे हातभर खोड लिबलिबीत काळे झाले होते. सूनबाईंनी विळीवर कापावे तसे चकती-चकतीने ते उतरवले. शेवटच्या चकतीला आतला गाभा पांढराशुभ्र निघाला, कांद्यासारखा थरांचा. चार दिवसांनी मधली पुंगळी बोटभर वर आली होती. कुठे न जाणारी मंडळी दिवसातून तीनदा अंगणात जाऊ लागली.

तेव्हा गणपतीला पान घरचे, हे नक्की. वाऱ्याने चिंध्या झाल्या नाहीत तर.

आपली सर्वांची,
डर्बीची मंडळी

ता. क. आप्पा, येताना वेलची केळीचा मुनवा ओल्या गोणपाटात बांधून आणण्याचा बेत कळला. कृपा करून आणू नये. इथला नियम असा, की केळी पिशवीतून खुशाल येऊ शकतात, पण लावायच्या रोपाला सरकारी आरोग्य-प्रमाणपत्र लागते. त्याऐवजी सुके बोंबील आणा. त्याही बाबतीत सूनबाईंनी चौकशी केली आहे आणि उत्तर चांगले आहे.