दहा बाय दहातला खर्ज

गिरगावातल्या आमच्या दहा बाय दहाच्या खोलीत बाबांनी स्पीकरची जोडी आणली, तेव्हा तिथे आधीच सहा माणसं, एक कॉट आणि एक कपाट नांदत होतं. मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांसारखे ते कंबरेएवढे दोघे दोन कोपऱ्यांत अवघडून उभे राहिले. दुसऱ्याच दिवशी आईने त्यांच्या डोक्यावर क्रोशाचे रुमाल घालून त्यांना घरचं करून घेतलं.

बाबा राहुल देव बर्मनचे भक्त. हा सगळा खर्च गाण्यातली बेस गिटार ऐकण्यासाठी. रेकॉर्ड लावायची, खोलीच्या बरोबर मध्यावर खुर्ची टाकायची, डोळे मिटायचे आणि थोड्या वेळाने हिरमुसून विचारायचं, “खर्ज कुठाय?” नेमक्या त्याच क्षणी भिंतीलगतच्या ओट्यावर पोळ्या लाटणारी आई कळवळायची, “अहो, केवढं घुमतंय ते!” तिच्या डोक्यावरच्या मांडणीत फुलपात्री खरोखरच किणकिणत असायची. दोघांमध्ये अंतर पाच फुटांचं. पण दोघं एकाच गाण्याबद्दल बोलताहेत, यावर कुणाचा विश्वास बसला नसता. शेजाऱ्यांनी तो संसाराचाच एक प्रकार मानला होता.

दोघंही खरं बोलत होते, हे मला फार उशिरा कळलं. आवाज सेकंदाला साधारण 344 मीटर धावतो. दहा फुटांवर समोरासमोर उभ्या असलेल्या भिंतींमध्ये ज्याची अर्धी लाट चपखल बसते, तो स्वर सुमारे 56 हर्ट्‌झचा. आणि बेस गिटारची मोकळी ए तार बोलते 55 वर! तो स्वर लागला की लाट पुढे जायचं विसरून जागच्या जागी झुलत राहते. हवेचा दाब भिंतींशी उसळतो आणि मध्यावर जवळजवळ विरून जातो. लांबी-रुंदी वेगवेगळी असती, तर हा फुगवटा दोन स्वरांत वाटला गेला असता. आमची खोली पडली चौरस. तिला एवढं एकच पाठ, आणि वर्गात एकाच प्रश्नाचं उत्तर येणाऱ्या मुलासारखी ती संधी मिळताच ते खच्चून म्हणून दाखवायची. बाबांनी मानाची म्हणून निवडलेली जागा म्हणजे त्या खर्जाच्या गावातला दुष्काळी तालुका होता.

पुढे उपनगरात अठरा फुटी हॉल मिळाला. पहिल्या दिवशी त्या रिकाम्या हॉलमध्ये गाणं लावलं, तर ते मंगल कार्यालयात हरवलेल्या पोरासारखं भिंती-भिंतींवर हाका मारत फिरू लागलं. 1895 साली हार्वर्डच्या वॉलेस सॅबिन नावाच्या तरुण प्राध्यापकापुढे असंच एक सभागृह आलं होतं. तिथे उच्चारलेला शब्द साडेपाच सेकंद रेंगाळे. शेजारच्या नाट्यगृहातल्या आसनांच्या गाद्या रात्री उचलून आणायच्या, घड्याळ लावायचं आणि पहाटेच्या आत परत नेऊन ठेवायच्या, असं करत त्याने नादाचं गणित मांडलं. आईने गणितबिणित मांडलं नाही. गोधड्यांचं गाठोडं सोडून ती म्हणाली, “माणसं कमी झाली ना, म्हणून.” सहा जणांचे आम्ही तिघं उरलो होतो. माणूसही आवाज शोषतो, हे सॅबिनच्या गणितात आहेच.

बाबा त्या हॉलमध्येही मध्यावरच बसत. आता त्यांची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवली आहे. जाता-येता अडखळायला नको म्हणून. परवा आई तिच्यावर बसून मटार सोलत होती. मी त्यांची एक जुनी रेकॉर्ड लावली. बेस गिटार सुरू झाली तशी तिची बोटं थांबली. सवयीने मी आवाज कमी करायला उठलो.

“राहू दे,” ती म्हणाली. “जरा मोठं कर.”