मसाजर घेताना

कुकर घ्यायचा तर मी दुकानं पालथी घालते, झाकणाची रिंग ताणून बघते आणि शेवटी आईला फोन करून भलताच कुकर उचलते. या खरेदीत यातलं काहीच जमण्यासारखं नव्हतं. चाळिशी उलटल्यावर एका रात्री नवरा म्हणाला, "घेऊन तर बघू." आमच्याकडे खरेदीचं एक्सेल मी करते, म्हणून लॅपटॉप माझ्या मांडीवर आला.

पहिला रकाना मटेरियलचा. ते स्वस्तातलं, जेलीसारखं गुलाबी रबर फोटोत गोड दिसतं. पण ते सच्छिद्र असतं, कितीही धुवा, आत काहीबाही धरून ठेवतं. वर ते मऊ राहावं म्हणून त्यात थॅलेट्स घातलेले असू शकतात. मेडिकल ग्रेड सिलिकॉन महाग, पण साबणपाण्याने स्वच्छ निघतं. मात्र त्याला सिलिकॉनचंच वंगण लावलं तर पृष्ठभाग खराब होऊ शकतो, म्हणून वंगण पाण्याचं. "खोबरेल आहे की घरात," नवरा म्हणाला. तेलाने कंडोमचं लॅटेक्स कमकुवत होतं, असं मी सांगितल्यावर त्याला थोरलीची क्लासची फी आठवली असावी. तो गप्प बसला.

नवशिक्याने लहानसं, बाहेरून वापरायचं, एका बटणाचं घ्यावं, हा शहाणपणाचा सल्ला मला पटला. तो पटवून घेऊन मी दहा प्रकारच्या कंपनांचं मॉडेल निवडलं. आयपीएक्स-७ म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास टिकणारं, त्याचेही जास्तीचे पैसे मोजले. आमच्या बाथरूममध्ये सर्वांत खोल पाणी बादलीत असतं.

वेबसाइटवर या वस्तूचं नाव 'बॉडी मसाजर'. ते उगाच नाही. अश्लीलतेच्या कायद्याच्या धाकाने सगळेच जपून लिहितात. २०२४ साली कस्टम्सने अडवलेल्या बॉडी मसाजरांचं प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि त्यांना अश्लील ठरवणं ही आयुक्तांची कल्पनाशक्ती आहे, असं म्हणत न्यायालयाने कस्टम्सचं अपील फेटाळलं. याच मुंबईत र. धों. कर्व्यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' काढून कामजीवनावर उघड लिहिलं, त्यापायी खटले सोसले. आणि त्याच मुंबईच्या लोकलने रोज जाणारी मी ऑर्डर देताना बेडरूमची कडी तपासत होते. घरात दुसरं कोणी नव्हतं.

'पॅकिंगवर काहीही लिहिलेलं नसेल,' असं आश्वासन होतं. ते तंतोतंत पाळलं गेलं आणि तिथेच घात झाला. आमच्या गेटवर येणाऱ्या प्रत्येक खोक्यावर कोणाचं तरी नाव ठळक छापलेलं असतं. कोरं खोकं तेवढं एकच. वॉचमनकाकांनी ते कानाशी धरून हलवलं, मग समोरच्या जोशीकाकूंनी. "औषध आहे का गं?" काकूंनी काळजीने विचारलं. मी हो म्हणाले. तेव्हापासून त्या माझ्या तब्येतीची चौकशी करतात.

चार्ज करून बटण दाबलं, तर ढिम्म. कस्टमर केअरला फोन लावला आणि ऑफिसात प्रिंटरबद्दल बोलते त्या खणखणीत आवाजात तक्रार सांगितली, बाल्कनीत उभी राहून. पलीकडचा मुलगा फार सभ्य होता. "मॅडम, ट्रॅव्हल लॉक आहे. बटण थोडा वेळ दाबून धरा."

धरलं. दहावा प्रकार सुरू झाला. दचकून मी ती वस्तू काचेच्या टीपॉयवर टाकली. डब्यावर लिहिलेले डेसिबल बहुधा हातात धरून मोजतात; काच त्याचं काय करते, ते लिहीत नाहीत. बंद करायचं कसं, हे त्या मुलाला विचारायचं राहून गेलं होतं. वस्तू थरथरत कडेकडे निघाली आणि सोसायटीच्या ग्रुपवर खालच्या मजल्यावरून मेसेज आला: पाण्याचा पंप कोणी चालू ठेवलाय का?

नवरा सोसायटीचा सेक्रेटरी. 'बघतो' असं लिहून तो टॉर्च घेऊन पंपघराकडे गेला. तिथे जमलेल्या मंडळींबरोबर पंपाला कान लावून चांगला अर्धा तास उभा होता म्हणे. बेअरिंग गेलंय, असं सर्वानुमते ठरलं आणि मेकॅनिकला ॲडव्हान्सही देऊन झाला.