चॅप्टरकाका

आमच्या सोसायटीतल्या चॅप्टरकाकांची हयात बॅलार्ड इस्टेटच्या कस्टम हाऊसमध्ये क्लिअरिंग एजंट म्हणून गेली. त्यांच्या लेखी जगात वस्तू दोनच प्रकारच्या : सुटलेल्या आणि अडकलेल्या. कुणी नवं काही आणलं, की किमतीआधी ते त्याचं कस्टम टॅरिफमधलं हेडिंग विचारतात. आठ आकडी क्रमांक नसेल, तर ती वस्तूच नव्हे. त्यातले पहिले सहा आकडे साऱ्या जगाचे, उरलेले दोन आपल्या सरकारचे.

नातू एक्स-मेनमधल्या वुल्व्हरिनशी खेळत होता. मी सहज म्हणालो, "छान आहे बाहुली." काकांनी चष्मा काढला. "बाहुली? माणसाची असते ती बाहुली! हा माणूस नव्हे, असा अमेरिकेच्या कोर्टाचा २००३ सालचा निकाल आहे. तेव्हा बाहुलीला १२ टक्के ड्यूटी होती, खेळण्याला ६.८. आता तूच सांग, कशाला व्हायचं माणूस?" नातवाने भोकाड पसरलं.

भाजीवालाही यातून सुटला नाही. "टोमॅटो भाजीच! १८९३ साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने ठरवलंय. लोक तो जेवणात खातात, जेवणानंतर गोड म्हणून नाही. भाजीला ड्यूटी होती, फळाला माफ."
"काका, फळ म्हणा नाहीतर भाजी, पाव किलोच घेणार ना?"

चौपाटीवर भेळ हातात आली, की टॅरिफ वर्गीकरणाचा नियम तीन निघतो. आधी सर्वांत नेमकं वर्णन शोधायचं. ते न जमल्यास तिचं भेळपण कशात आहे ते पाहायचं : कुरमुऱ्यात, शेवेत की चटणीत? तिथेही अडलं, तर लागू पडणाऱ्यांपैकी क्रमाने शेवटचं हेडिंग. एवढं होईतो कुरमुरे मऊ पडलेले असतात.

एक मात्र आहे. काकांचा इतका कठोर तर्क नेहमी कमी ड्यूटीच्या दारातच जाऊन थांबतो. समोरच्या कस्टम अप्रेझरचा तर्कही तितकाच कठोर, फक्त त्याचं दार वेगळं.

म्हणून माल येण्याआधीच अ‍ॅडव्हान्स रूलिंग घ्यावं, हा त्यांचा सर्वांना सल्ला. तो निर्णय अर्जदाराला बांधतो आणि त्याच्यापुरता खात्यालाही. काका स्वतः घरात काहीही आणण्याआधी काकूंकडे रीतसर अर्ज करतात. तिथला निर्णय मात्र फक्त अर्जदाराला बांधतो.