सायकलचा बस्ता

रविवारी पहाटे साडेपाचला आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये नवरदेव सजत असतो. कोपरांना पॅड, हातात मोजे, डोळ्यांवर पिवळ्या काचांचा गॉगल आणि पाठीवर दोन लिटर पाण्याची पिशवी, तिची नळी थेट तोंडाशी. शेजारी घोडी तयार, पुढे-मागे सस्पेन्शनवाली. वरात मात्र कोथरूडहून वेताळ टेकडीपर्यंतच जायची असते.

हे आमचे भाऊ. बँकेतून निवृत्त झाल्यावर लोक गीता वाचतात, भाऊ हेल्मेटच्या आत चिकटवलेली लेबलं वाचतात.

"लेकीच्या लग्नाचा बस्ता दोन दिवसांत उरकला," वहिनी सांगतात, "ह्यांच्या सायकलचा दोन वर्षं चाललाय."

दुकानात भाऊ शिरले की पोऱ्या आत चहा सांगतो, स्वतःसाठी. "ह्यात मिप्स आहे का?" ही भाऊंची सलामी. मग ते त्यालाच समजावतात : आत पातळ, सरकतं अस्तर असतं, डोकं तिरकं आपटलं की हेल्मेट किंचित फिरतं आणि मेंदूला पीळ कमी बसतो. स्वीडनच्या लोकांची अक्कल.

"पण भाऊ, मूळ माल थर्माकोलच ना?" मी एकदा विचारलं.

"थर्माकोलच! तो चेंगरतो म्हणून आपण वाचतो. म्हणून एकदा जोरात आपटलं की वरून धड दिसलं तरी नवं घ्यायचं. आणि आपलं हे बघ, मागे मानेपर्यंत उतरलंय. रस्त्यावरच्या सायकलवाल्यांचं टाळूवरच थांबतं."

पंचाईत हीच, की भाऊ बोलतात ते सगळं बरोबर असतं. माणूस पडताना आधी हात टेकतो, म्हणून आधी मोजे घ्यावेत, हेही बरोबर. गादीवाल्या चड्डीच्या आत दुसरी चड्डी घालायची नसते, हेही बरोबर. फक्त ते लिफ्टमध्ये जोशी आजींसमोर सांगायची गरज नव्हती.

गेल्या रविवारी भाऊंनी बुटाला अडकणारे पेडल बसवले होते. वॉचमननं सलाम ठोकला, भाऊंनी सलाम घेण्यासाठी सायकल थांबवली आणि बुटांसकट, पेडलसकट, वडाचं झाड कोसळावं तसे सावकाश आडवे झाले. टाच बाहेरच्या बाजूला फिरवली की बूट सुटतो, हे त्यांनी आडवं पडल्या पडल्या मला समजावलं. तळहात शाबूत होते. गुडघा मात्र सोलला. गुडघ्याचे पॅड पिशवीत होते, कारण चढावर घाम येतो आणि ते उतारालाच घालायचे असतात. हेही बरोबरच.

टेकडीवर मुरमाच्या वाटेनं पाच मिनिटं गेलो असू, तोच मागच्या चाकात बाभळीचा काटा. भाऊंचा चेहरा उजळला. ह्याच क्षणासाठी तर बस्ता! त्यांनी नॅपकिन अंथरला, त्यावर टायर काढायचे तीन लिव्हर, घडीचा पाना, जादा ट्यूब असा रुखवत मांडला. वीस मिनिटांत ट्यूब बदललीही. मग पंप काढला. तो जाड व्हॉल्व्हचा निघाला आणि ट्यूबचा व्हॉल्व्ह बारीक, उदबत्तीच्या जातीचा. पंप बसेना.

वरात पायी उतरली. खाली पिंपळाखाली घमेलं, हातपंप आणि लोखंडी पेटी घेऊन पंक्चरवाले चाचा बसले होते. त्यांनी पेटीत बोट फिरवून नखाएवढी पितळी टोपी काढली, बारीक व्हॉल्व्हवर फिरवली आणि हवा भरली. मग भाऊंकडे नीट बघत म्हणाले, "साहेब, टोपी मागे गेलीय."

हेल्मेट खरोखरच देवळात दर्शनाला गेल्यासारखं मागे सरकलं होतं, कपाळ सगळं उघडं. चाचांनी ते पुढे ओढलं, भुवईच्या वर दोन बोटं ठेवून मापलं आणि हनुवटीखालचा पट्टा आवळला. दोन वर्षांच्या बस्त्यात हा विधी राहून गेला होता. फुकटचा होता म्हणून असेल.

परतताना भाऊ गप्प होते. मला वाटलं, उपरती झाली. फाटकाशी त्यांनी वेळेवर टाच फिरवली, सुखरूप उतरले आणि हलकेच म्हणाले,

"ती टोपी पितळी होती. अॅल्युमिनियमची हलकी पडेल का रे? जरा अभ्यास करायला हवा."