कलम १५४ यांस अनावृत पत्र

राजमान्य राजेश्री कलम १५४ साहेब,
मु. पो. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६
यांसी सा. न. वि. वि.

शासनाने निर्देश द्यावेत आणि नियोजन प्राधिकरणाने ते पाळावेत, एवढाच आपला मजकूर. इतक्या थोडक्यात इतकी सत्ता सांभाळणारे आपल्याइतके मितभाषी कोणी नाही.

१९९३ मध्ये चौऱ्याहत्तरावी घटनादुरुस्ती अमलात आली. पालिकांच्या कामांच्या बाराव्या अनुसूचीत पहिलाच विषय नगरनियोजनाचा. आता शहराचा नकाशा शहरच काढणार, म्हणून आम्ही हुरळलो. आपण वेळीच जमिनीवर आणलेत, उपकार झाले.

आपल्याच अधिनियमातल्या कलम ३७ (१कक) यांच्याशी आपली जोडी तर दृष्ट लागण्यासारखी. ते बांधकाम नियमावलीतला बदल जाहीर करतात आणि महिनाभरात हरकती-सूचना पाठवा, असे अदबीने कळवतात. त्याच अधिसूचनेत खाली आपण हजर: अंतिम मंजुरीची वाट न पाहता अंमलबजावणी ताबडतोब सुरू करा! अक्षता पडल्यावर पत्रिका जुळवायला बोलावण्याचा हा मान आम्हांला वारंवार मिळतो. आम्हीही निष्ठेने अर्ज लिहितो, नकाशाची प्रत जोडतो, आवकचा शिक्का मारून घेतो. तो शिक्का वाळेपर्यंत नव्या एफएसआयचे प्रस्ताव दाखल झालेले असले, तर तो दोष शाईचा.

पुण्याचा विकास आराखडा २०१५ मध्ये सरकारने महापालिकेकडून काढून घेतला. पालिकेने वेळ फार लावला, हे कारण. खोटे नव्हते, आरक्षणे उठवण्याची नगरसेवकांची हौस पुणेकर विसरलेले नाहीत. उशिराच्या कारणाने नेलेला तो आराखडा २०१७ मध्ये मंजूर झाला. घाई कशी करावी, याचा धडाच मिळाला.

२०२१ मध्ये तेवीस गावे पुणे महापालिकेत आली. त्यांचा कचरा पालिकेने उचलायचा, आराखडा मात्र पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने (पीएमआरडीए) करायचा, ज्याचे अध्यक्ष मुख्यमंत्री, असे तेव्हा ठरले. गावकऱ्याला भांडायला दोन कचेऱ्या मिळाल्या! पुढे मार्च २०२२ पासून काही वर्षे पालिकेत प्रशासकच होते, म्हणजे निर्देश देणारे शासन आणि पाळणारा शासनाचाच अधिकारी. मतभेदाचा प्रश्नच उरला नाही.

एकच प्रार्थना. पुढच्या अधिसूचनेत हरकतींचा महिना ठेवूच नये. आमचा टपालखर्च वाचेल आणि आपल्यालाही न वाचलेली पत्रे ठेवायला कपाटे लागणार नाहीत.

लोभ आहेच, तो जरा आवरावा ही विनंती.

आपला आज्ञाधारक,
एक हरकतदार